मुलीकडच्यांनी मला डोंगर चढवला

मंगळ. १३ जाने.
नितीनचं जमलं. मुलगी रेवा, इथेच अमिरातीत, अल ऐनच्या शाळेत शिकवते. आईबाप मूळचे पुण्याचे, आता इथेच. म्हटलं बोलाव घरी, पोहे करते. तर नि. म्हणतो, "आई, ते शनिवारी आपल्या रास अल खैमाच्या डोंगरात हाइकला जाऊ म्हणतायत. एका गावातून चढायचं, दुसऱ्या गावात उतरायचं." बघायचा कार्यक्रम डोंगरात? काहीतरी काळंबेरं आहे.

गुरु. १५
कळलं. रेवाच्या आईचा फोन. पहिला प्रश्न, "गुडघे कसे आहेत तुमचे?" दुसरा, "बीपी?" आमच्या वेळी मुलीला चालून दाखव म्हणायचे, लंगडते का बघायला. इथे सासूला चालवून बघतायत. म्हातारी गळ्यात पडणार का, एवढंच. माझा व्हिसा नि.च्या नावावर, मार्चला संपतो. लग्नानंतर परत काढतील, की चिपळूणच्या बंद घरात पाठवतील? चालून दाखवतेच.
नि.ने बूट आणले, सेलमधले. अंगठा लागतो. बोलले नाही. बोलले की कुरकुर करते म्हणणार.

शनि. १७
आत्ता आले. अंग आंबलंय. तरी लिहिते.
नुसता दगड, सावली नाही. लहानपणी घाट उतरून अनवाणी आजोळी जायचो, हे काय मोठं! सगळ्यांच्या पुढे मी. रेवाचे बाबा दोन काठ्या घेऊन धापा टाकत, "अहो विहीणबाई, स्लो! रेस नाहीये!" मी म्हटलं, "यल्ला, या लवकर." नि. लाजला. लाजू दे.
वरच्या गावात दगडी घरं, अर्धी पडलेली. मधे बोरीचं झाड, अगदी आपल्यासारखं. शेळ्यांजवळ एक अरबी म्हातारा. बोलावून कहावा दिला, त्यांची बिनदुधाची कॉफी, खजूर दिले. रेवाने मोडक्या अरबीत विचारलं. मुलं खाली शहरात, हा एकटाच राहतो. लगेच तिची आई माझ्याकडे वळून, "बघा, डोंगरातली माणसं! एकटी पण मस्त राहतात. तुम्ही पण एकदम फिट. कुणाची गरजच नाही तुम्हाला."
हातातला खजूर परत ठेवला. धडधाकट दाखवायला धावले, आणि आता धडधाकट आहे म्हणून एकटी राहीन!
उतारावर अंगठा ठणकत होता. लंगडावं का? पण आता लंगडले तर नाटक वाटणार. सरळ चालले. रेवा मागून माझ्या पायांकडेच बघत.
"काकू, शू टाइट आहे का?"
"नाही."

रवि. १८
नख काळं. घरात मोजे घालून फिरते. नि.ला विचारलं, व्हिसाचं काय? "बघू ना आई. रेवाशी बोलतो." रेवाशी!

बुध. २१
नि. फोनवर हळू आवाजात तिच्याशी. मी आले तर, "खलास, नंतर करतो." काय खलास? "काही नाही गं."
चिपळूणच्या घराची किल्ली बघितली. आहे जागेवर.

शुक्र. २३
रेवा आली. एकटी, अल ऐनहून गाडी चालवत. हातात खोका. बूट, एक नंबर मोठे. मी नको नको म्हणेस्तोवर खाली बसली, मोजा काढला.
"आय न्यू इट! काकू, एवढं दुखत होतं, बोलल्या का नाहीत?"
काय सांगू हिला? म्हटलं, "तुझ्या आईला सांगू नको."
"नाही सांगत." हसली. "बरं झालं की परत जाऊ. एप्रिलमध्ये. फार गरम व्हायच्या आत."
एप्रिल. व्हिसा मार्चला संपतो. नि.ने हिला सांगितलंय का? माहीत असून म्हणाली, की नसून? विचारणार होते, तोवर नि. चहा घेऊन आला. दोघं एकमेकांकडे बघून हसली. माझं विचारायचं राहिलं.
ती गेल्यावर बूट घालून घरात फिरले. अंगठा लागत नाही.
बिल खोक्यातच ठेवलंय, एप्रिलला इथे नसलेच तर बूट परत करायला. खोका टाकला नाही अजून.