कम्फर्टबाईंचे माहेर

३ फेब्रुवारी २००१, ऊद मेथा, दुबई
दहावीला संस्कृतात केंद्रात पहिली आले, एवढ्याच भांडवलावर रोजनिशी लिहिण्याचे धाडस करीत आहे, क्षमा असावी. कोणाची, ते नंतर ठरवीन.
दादाच्या ओळखीने मिसेस हॉलोवे यांना भेटले. त्या एका अमेरिकन शाळेच्या ग्रंथपाल. त्यांची आठ पिढ्यांमागची आजी कम्फर्ट थॅक्सबी. लग्न १७३१, मॅसॅच्युसेट्स. तिचे आईवडील शोधून द्यायचे. काम पसंत पडले तर लायब्ररी असिस्टंटची नोकरी आणि व्हिसा. न पडले तर ११ मार्चला माझा व्हिजिट व्हिसा खलास, आणि पुढे साताऱ्यात मामींनी हेरून ठेवलेले स्थळ. आठवडाभरात संपवीन.

१४ फेब्रुवारी
इंटरनेट लावले की घरचा फोन बंद. रुपालीवहिनी म्हणाली, “वन्सं, गोऱ्यांच्या आज्या मागाहून शोधा, आधी माझ्या आईचा फोन लागू द्या!” संशोधनाला घरातून विरोध व्हायचाच.

१९ फेब्रुवारी
भयंकर! लग्नाच्या नोंदीत वधू कम्फर्ट थॅक्सबी, वर सॅम्युअल थॅक्सबी. लग्नाआधीच एक आडनाव? त्याच गावी जोसाया थॅक्सबी, त्याला कम्फर्ट नावाची मुलगी, वयही जुळते. म्हणजे चुलत भावंडांचे लग्न? आणि तेही पाद्र्यांच्या घराण्यात? अशक्य. कारकुनाने घाईत वधूचे सासरचे आडनाव लिहिले, हे उघड आहे. जोसायाला वगळले.

२२ फेब्रुवारी
शेजारच्या शहरबानूभाभी मूळच्या दापोलीच्या. त्यांना सहज सांगितले, तर पोट धरून हसल्या. म्हणाल्या, “अगं, मी चुलतभावाशीच निकाह लावलाय! आधी परकार, मग पण परकार. पासपोर्ट बदलायची कटकट नाय. तुझ्या त्या बाईला माझा सलाम सांग!”
दापोलीचे वेगळे, मॅसॅच्युसेट्सचे वेगळे. त्यांना कोण समजावणार?

२७ फेब्रुवारी
माहेर मिळाले! शेजारच्याच गावी कम्फर्ट मिल्स नावाची मुलगी. वडील चर्चचे मानकरी, घर स्वतःचे, आडनाव निराळे. एखादे स्थळ याहून चांगले काय असेल? मिल्स घराणे थेट इंग्लंडपर्यंत मागे नेले.

१ मार्च
ही कम्फर्ट चौथ्या वर्षी गोवराने वारल्याची नोंद सापडली. तोच बेजबाबदार कारकून!

३ मार्च
मिसेस हॉलोवे यांना अहवाल दिला. ‘सुसंस्कृत घराण्यांत सगोत्र विवाह होत नाहीत’ असा परिच्छेद आरंभीच घातला आहे; गोवराची नोंद ‘कारकुनाची चूक’ म्हणून तळटीपेत. वहिनी म्हणाली, नोकरी लागली की पहिल्या पगारात स्वतःची फोनलाइन घ्या. मी इन्शाल्ला म्हटले.

७ मार्च
मिसेस हॉलोवे यांचा फोन. त्यांच्या मावशीने चर्चच्या नोंदवहीची पाने पाठवली आहेत. कम्फर्ट जोसायाचीच मुलगी, नवरा चुलतभाऊच. चार वर्षांच्या मृत मुलीला पुढे नऊ मुले कशी झाली, असे त्यांनी अतिशय शांतपणे विचारले. मग म्हणाल्या, लायब्ररीला पुस्तक जिथले तिथेच ठेवणारी मुलगी हवी. मला चोख उत्तर सुचले, परंतु फोन ठेवल्यावर. दादा तिकिटाच्या चौकशीला गेला.
उत्तर ईमेलने कळवले: चूक मान्य, तथापि जोसायापेक्षा मिल्स घराणे सर्व दृष्टींनी सरस आहे, कृपया विचार व्हावा. नोकरीचा अर्ज पुन्हा जोडला आहे.
पाठवले: ७ मार्च २००१, सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे.