रिव्हर्सच्या लायटी

३ डिसेंबर, बुधवार
देवा महादेवा, आज वाचले! मी न्हाई — मामंजी.

पहाटे पाचला नेहमीसारखी पिकअप गल्लीतून मागं घेत होते. लातूरच्या मार्केटला न्यायचे टोमॅटोचे कॅरेट शेडात, शेड गल्लीच्या टोकाला, आणि गल्ली एवढी चिंचोळी की गाडीचे आरसे मिटून घ्यावे लागतात. मागचा बल्ब नुसता मिणमिणतो. म्हणून सासरे टॉर्च घेऊन मागं उभे राहतात आणि ओरडतात — "आन, आन, आन… डावं काट… बास!" अर्धं गाव त्यांच्या "बास"नं उठतं.

आज "आन, आन" झालं आणि पुढं आवाजच न्हाई. ब्रेक दाबला. उतरून बघते तर मामंजी नालीच्या चिखलात बसलेले, गाडीच्या मागच्या फाळक्यापासून वीतभर! पाय घसरला म्हणे. लकव्यापासून डावा पाय तसाबी ऐकत न्हाई.

"थांबलीस कशाला? मी बास म्हणलो का?" — वर मलाच! हसावं का रडावं.

४ डिसेंबर
ठरलं. मागं जोरदार लायटी बसवायच्या. नवऱ्याला विचारलं. "बसव की," म्हणाले. गाडीतलं त्यांना तेवढंच कळतं, सगळं ध्यान टोमॅटोत.

मामंजी मात्र फुगले. "लायटीला काय कळतंय? गाडी तुला मी शिकवली का लायटीनं?"

खरंच त्यांनीच शिकवली. बावीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. लकवा झाला त्या साली बाजेवर बसल्या बसल्या माझ्या हातात जेवायचं ताट दिलं — हे स्टेअरिंग, फिरव! सासूबाई, आमच्या आत्याबाई, ताट मागायच्या आणि आमचं वळण अर्धं राहायचं.

११ डिसेंबर, गुरुवार
चाकूरला उमाशंकरकडं अर्धा दिवस गेला. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, हात चांगला आहे, तोंड मात्र बंद होत न्हाई. फाळक्याखाली दोन एलईडी बसवल्या. "जुन्या वायरवर एवढा लोड टाकला तर जळंल, ताई. बॅटरीवरून वेगळी वायर आनतो, मधी रिले टाकतो." गिअर मागं पडला की आपोआप लागणार.

लावून बघितलं. मागच्या हॉटेलात चहा पिणाऱ्या माणसानं डोळ्यांवर हात धरला! मी टाळ्याच वाजवल्या.

१२ डिसेंबर
अहाहा! गल्ली लख्ख! नालीतली कुणाची तरी चप्पलसुद्धा दिसली. एका दमात शेडात.

मामंजी टॉर्च घेऊन आले होते. जरा वेळ उभे राहिले. मग टॉर्च बंद करून आत गेले.

१३ डिसेंबर
आठ वाजून गेले तरी मामंजी उठले न्हाईत.

१४ डिसेंबर
चहा नको म्हणाले. चहा! मामंजी!

१६ डिसेंबर, मंगळवार
काय दिवस गेला!

पहाटे गिअर टाकला तर लायटी पार मेल्यासारख्या. गल्लीच्या तोंडाशीच अडकले. आणि काय सांगू — मामंजी कुठून उगवले कुणास ठाऊक! "आन, आन! सोड, मी हाय! आन!" एवढा खणखणीत आवाज मी वर्षात ऐकला नव्हता. शेडापाशी "बास!" म्हणून फाळक्यावर असा हात मारला की आतले रिकामे कॅरेट हलले. मग चहा. दोन कप. शेजारच्या नागुबाईला हाक मारून सांगितलं, "चार दिवस टिकल्या बघ सूनबाईच्या लायटी!"

मी लातूरहून येताना रागारागानं उमाशंकरकडं. "हे काय बसवलंस?" त्यानं लायटीच्या काचेवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. विभूती! दोन्ही लायटींवर तीन-तीन जाड पट्टे, भिजवून लावलेले, वाळून कडक झालेले, काच दिसतच नव्हती. उमाशंकर पोट धरून हसत होता.

काल सोमवार. पूजा झाल्यावर आत्याबाईंनी नव्या वस्तूला विभूती फासली. आमच्याकडं त्याशिवाय फ्रिजसुद्धा चालू होत न्हाई! पण काचेवर? विचारलं तर म्हणाल्या, "मग कुठं लावू? मागून बघितलं तर त्येच कपाळ की गाडीचं."

हसून हसून दम लागला. घरी आल्यावर काचा पुसत होते. मामंजी बाजेवरून बघत होते. माझं हसूच गेलं.

१७ डिसेंबर
संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसले, सांगून टाकलं. "मामंजी, लायटी तुम्हाला बाजूला सारायला न्हाई बसवल्या. तुम्ही पडलात त्या दिवशी माझा जीव गेला होता. तुम्हाला काही झालं असतं तर मी जन्मात स्टेअरिंग धरलं नसतं. मागं नका उभं राहू. शेजारी बसा. लातूरला चला माझ्यासंगं."

"क्लीनरच्या जागेवर? मी?"

भिंतीकडं तोंड केलं. झालं! चांगलं करायला गेले आणि आणखीन दुखावलं. मला बोलताच येत न्हाई.

१८ डिसेंबर
गल्ली लख्ख. घर चिडीचूप. मला अजिबात बरं वाटत न्हाई.

१९ डिसेंबर, शुक्रवार
माल भरून दार उघडते तर मामंजी आधीच आत! क्लीनरच्या जागेवर! धुतलेला सदरा, सीटचा पट्टा लावलेला, नजर सरळ समोर. लकव्यानंतर पहिल्यांदा गाडीत बसले. लातूरला मार्केटात उतरताना म्हणाले —

"रिव्हर्स चांगलं घेतीस. पुढं लई जोरात हाणतीस. उद्यापासून मी रोज येणार."