टारफुल्याची जाग

३ मार्च
दोन वर्षं कापेल या डच गावात यशोधनची बायको म्हणून काढली. आज गळ्यात ओळखपत्र आलं: वीणा, प्रयोगशाळा सहायक. राहुरीची कृषी पदवी अखेर कामाला आली. काचघरात चक्क ज्वारी आहे. ज्वारीच्या मुळांतून एक रसायन पाझरतं. मातीत वर्षानुवर्षं झोपलेलं टारफुला या तणाचं बी त्याने जागं होतं, मुळात घुसतं आणि ज्वारी शोषून घेतं. मी तो पाझर गोळा करायचा, बशीतल्या बियांवर थेंब टाकायचा, रुजलेल्या मोजायच्या. बी अगदी धुळीसारखं. घरी येऊन दोघांनी श्रीखंड खाल्लं.

११ मार्च
हातमोजा फाटला, पाझराची बाटली कोपरापर्यंत सांडली. आमची प्रमुख मारेइके म्हणाली, धुऊन टाक, माणसाला त्याचं काही होत नाही.

१७ मार्च
नुसत्या पाण्यातल्या बियाही रुजल्या. माझ्याकडून बाटल्यांची अदलाबदल झाली असणार, असं मारेइकेला वाटतं. पण सगळे कोंब माझ्या खुर्चीकडे वळलेत. खुर्ची पलीकडे नेली. दुपारपर्यंत नवे कोंब तिकडे वळले.

२० मार्च
मारेइकेने माझा घाम तपासला. त्यात तेच रसायन निघालं. सांगताना ती दोन पावलं मागे सरकली. घरी थांब म्हणाली, आणि कामाचे कपडे कधी घरी नेलेस का, असं विचारलं. रोजच नेत होते.

२४ मार्च
कोपराच्या खळीत पांढरा धागा. यशोधनने चिमट्याने ओढला. कळ थेट खांद्यात गेली. तुटला, निघाला नाही. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, फोन केला. पॅरासिटामॉल घ्या, सोमवारी या, म्हणाले.

२ एप्रिल
कितीही खाल्लं तरी अशक्तपणा. डॉक्टरांनी कापून काढलं होतं. पुन्हा आलंय, तीन ठिकाणी. हिरवी पानं—

९ एप्रिल
जांभळी फुलं. यशोधनला म्हटलं, एनस्खेडेला तुझ्या मित्राकडे, राजनकडे जा, मला हात लावू नकोस. तो म्हणाला, "वेडी आहेस का, तुला टाकून कुठे जाऊ?" बोलता बोलता मनगट खाजवत होता.

१३ एप्रिल
मारेइके फोन उचलत नाही. बोंडं वाळली. एकेकात शेकडो बिया. हललं की बियांचा धुरळा उडतो—
खाली शाळा सुटलीय. पोरं, सायकली—
यशोधन म्हणतोय खोली कोंदट झालीय. खिडकीकडे चाललाय. आवाज फुटत नाही माझा, त्याला कसं सां—