बेडकीच्या पाल्याचा शोध

३ नोव्हेंबर १९३७
लोणावळ्याच्या डाक्टरानं कारभाऱ्यांची लघवी निळ्या पाण्यात उकळली. विटकरीवानी लाल झाली. म्हणे साखर. मानेवरचं गळू त्यामुळंच बरं होत न्हाई. भात बंद, गोड बंद, रोज चालायचं. महिन्यात उतरली न्हाई तर रोज सुई. सुईचं नाव ऐकून कारभारी मटकन बाकावर बसले. मी डाक्टराला सांगितलं, सुई ठेव तुझ्यापाशी, औषध मी काढते. तो हसला. हसू दे.

५ नोव्हेंबर
औषध निघालं. कुसगावच्या डोंगरात बेडकीचा वेल आहे. पान चावून वर गूळ खाल्ला तर मातीवानी लागतो. जिभेवरची गोडी मरते, तर अंगातली का न्हाई मरणार? एवढं डाक्टराच्या बुकात न्हाई. पाला वाटून गोळी वळायची. नाव धोंडाबाईची गोळी. पाला आणायला रोज कारभारी जातील. मला सवड न्हाई.

९ नोव्हेंबर
शोध लावायचा तर प्रयोग पाहिजे. रोजचा पाला सारखा नसतो. म्हणून आधी मी चावते, वर गुळाचा खडा. गोड लागला तर पाला कच्चा. मग दुसरं पान, दुसरा खडा. कारभाऱ्यांना गूळ बंद, तेव्हा हे काम माझ्याच गळ्यात.
शेजारची चाँदबी म्हणाली, औषध भाऊंना आन् गूळ तुला, हे बरं हाय. तिला सायन्स काय कळतंय.

१७ नोव्हेंबर
तहान लय लागते. पाला कडू, त्यानंच. सकाळची घागर दुपारी रिकामी.
कारभाऱ्यांचं गळू सुकाय लागलं. गोळीचा गुण. ते म्हणतात, भाकरी खाऊन आन् डोंगर तुडवून हलकं वाटतंय. गोळीचं नाव न्हाई तोंडात. पुरुषाची जात.
घरातला गूळ संपला. आता गूळ-शेंगदाण्याच्या गुडदाणीवर प्रयोग.

२५ नोव्हेंबर
चोळी सैल झाली. शोधाचे कष्ट.

४ डिसेंबर
कारभारी भाताच्या झोडणीत गुंतलेले. दवाखान्यात एकटीच गेले. बाटल्या दोन नेल्या, त्यांची आन् माझी. बरा झालेला आन् मुळात निरोगी, दोन्ही निळे शेजारी शेजारी ठेवून डाक्टराचं तोंड बंद करायचं.
कंपाउंडरनं पेशंटचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव कसं घेऊ? मी म्हणाले, शनिवारी ज्याला तेल वाहतात ते. त्यानं बाटलीवर शनी लिहिलं. म्हणाले, न्हाई रे मुडद्या, शेपटीवाला. तो म्हणाला, आता चिकटवलं, राहू दे मावशी.
शनी निळा निघाला. धोंडाबाई लाल.
मी म्हणाले, बाटल्या बदलल्या. नावात घोळ घालणारा बाटलीत न्हाई घालणार? डाक्टर म्हणाला, मग ताजी द्या. दिली. लाल.
गोड खाता का, विचारलं. म्हणाले, प्रयोगापुरतं. किती? म्हणाले, प्रयोग मोठा होता.
कारभाऱ्यांची सुई टळली. माझं म्हणाला, उद्या ठरवू.

५ डिसेंबर
कारभारी पहाटेच डोंगरात जाऊन पाटीभर पाला घेऊन आले. वाटला, गोळ्या वळल्या, माझ्यापुढं ठेवल्या. चाँदबी म्हणाली, घे की, तुझ्याच नावाची हाय.
मी पदर खोचला, तडक लोणावळ्याला गेले आन् डाक्टराला म्हणाले, सुई काढ.