खंड्याच्या मागची गॅलरी

३ जानेवारी
आजपासून वही. दुकानातला कॅमेरावाला म्हणाला, कुठला फोटो कसा काढला ते लिहून ठेवा काकू, हात बसेल. माझी शाळा चौथीत सुटली, पण लिहिता येतं मला. अक्षराला हसायचं काम नाही, वाचणार कोण आहे?
कॅमेरा दिराचा. त्याने नवा घेतला, हा मला दिला. ब्रिज कॅमेरा. म्हणजे खिशातला छोटा आणि लग्नवाल्यांचा मोठा, यांच्या मधला. ना धड इकडचा ना धड तिकडचा, आमच्या ह्यांच्यासारखा. पण झूम जबर. लेन्स बदलायची भानगड नाही, बोटाने कळ दाबली की मैदानापलीकडची खिडकी नाकाशी.
ठरवलं. वन्यजीव फोटोग्राफर व्हायचं. एप्रिलात वाचनालयाची स्पर्धा आहे, ‘पशुपक्षी आणि रोजचं जगणं’. पहिला नंबर माझा.

५ जानेवारी, सकाळी
गच्चीवर गेले. खंड्या सापडला. निळे पंख, लाल चोच, चेहऱ्यावर माज. मैदानापलीकडच्या इमारतीसमोर तारेवर बसतो. तारेच्या बरोब्बर मागे तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी. तिथे बबडी राहते, आमची मुलगी. निव्वळ योगायोग. पक्ष्याने कुठे बसावं ते मी ठरवत नाही.
बबडीशी बोलणं बंद आहे. फरशी बसवणाऱ्याशी लग्न केलं तिने. मी बजावलं होतं, केलंस तर या घरात पाय ठेवू नकोस. जन्मात माझं एक ऐकलं नाही कारटीने, हे मात्र ऐकलं. माफी मागायला तीच येईल. मी जाणार नाही. विषय संपला.

११ जानेवारी
फोटो पुष्कळ. खंड्या जरा धुरकट येतो. बबडी जाड झालीय. फरशीवाला खाऊ घालतो म्हणायचं. पण दोरीवर कपडे कसे वाळत घालते! बाह्या गुंडाळलेल्या, कॉलर दुमडलेली. मी लॉन्ड्रीत दिवसभर चादरींच्या घड्या घालते, काठाला काठ, आणि माझ्याच पोटी हे.

१९ जानेवारी
गॅलरीत एक म्हातारा चहा पीत बसला होता. टोपी थेट ह्यांच्यासारखी. स्वेटरही तसाच, कोपराला ठिगळ. ठिगळं काय, सगळेच लावतात. हे तेव्हा फिरायला गेले होते, डॉक्टरांनी सांगितलंय. आल्यावर चहा विचारला तर नको म्हणाले. चालल्याने भूक मरते बहुतेक.

२ फेब्रुवारी
बबडी जाड नाही. दिवस गेलेत. एक हात कमरेवर ठेवून उभी होती. ह्यांना सहज म्हटलं, समोर कोणाला तरी दिवस गेलेत वाटतं. हे म्हणाले, सहावा चाललाय. मग खोकत बसले. तुम्हाला काय ठाऊक, विचारलं. म्हणे अंदाज.
आता येईलच ती. बाळंतपणाला आई लागते. फरशीवाला काय बाळंतपण करणार, सिमेंट कालवून?
आली की आधी पाच मिनिटं बोलायचं नाही. मग खायला द्यायचं.

८ फेब्रुवारी
लेन्स पुसायला मऊ कापड लागतं. लॉन्ड्रीतून जुनी चादर मागून आणली. धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. चौकोन कापले, कडा दुमडून शिवल्या, धागे टोचायला नकोत. जरा मोठेच झाले. हे म्हणाले, काय गं, कॅमेऱ्याला दुपटी शिवतेस? मी म्हटलं, तुम्ही तुमचं फिरणं बघा.

१३ फेब्रुवारी
पुसायची कापडं कमी झालीत. हे म्हणतात उंदीर असेल. उंदराने वरची, चांगली चांगलीच नेलीत.

२० फेब्रुवारी
बबडी रोज सकाळी माझ्याच वेळेला बाहेर येते आणि हात हलवते. कावळे हाकलत असेल. अशाने माझा खंड्या उडेल, एवढंही कळत नाही तिला. फोटोत कावळा आला नाही, पण असणार.
संध्याकाळी हे म्हणाले, अगं, एकदा जाऊन ये. पाय सुजलेत तिचे, रक्तदाब वाढलाय, डॉक्टर काळजीत आहेत. म्हणजे फिरणं हे असं. मी म्हटलं, मला कळवायला तिला तोंड नाही का? हे म्हणाले, तोंड आहे, पण तुझं ऐकून ठेवलंय ना तिने.
रविवारी बघू म्हटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार
गेले नाही. उजेड फार चांगला होता. असा उजेड रोज मिळत नाही.

१ मार्च, रविवार
गुडघा दुखत होता. गच्चीचे जिने चढले ते वेगळं, तिकडचे जिने उंच आहेत.

४ मार्च
कॅमेरा घेऊन दुकानात गेले. म्हटलं, बिघडलाय. पक्षी पुढे बसलाय आणि फोकस मागे जातो. कॅमेरावाल्याने सगळे फोटो मोठे करून बघितले. म्हणाला, बिघडलेला नाही काकू. चौकोन ज्याच्यावर धराल तेच स्पष्ट येतं, तुम्ही दर वेळी चौकोन या बाईवर धरलाय. मी म्हटलं, मी कशाला धरू? तो म्हणाला, ही हात कोणाला करतेय? मी म्हटलं, केस वाळवतेय. म्हणाला, पण बाईचे फोटो सुरेख आलेत हो, हसू बघा, पोटावर हात बघा.
डोकं फिरलं माझं. मी काय बायकांचे फोटो काढत फिरते? पक्षी धुरकट होता ते सगळे फोटो तिथल्या तिथे उडवले. तो नको नको म्हणत होता. मी सांगितलं, स्पर्धा पक्ष्यांची आहे.

५ मार्च
चौकोन खंड्यावर. जमलं! एकेक पीस मोजून घ्या. चोचीवर उजेड. मागचं सगळं पुसून गेलेलं, कोण आहे ते कळणारसुद्धा नाही. लॉन्ड्रीला दांडी मारून दिवसभर असेच काढले, कार्ड भरलं. भरलं तेव्हा आधीचे उडवून पुन्हा नवे काढले.
आता बबडीकडे जायला हरकत नाही. फोटो तर दाखवायला न्यावाच लागेल. येत्या रविवारी नक्की.

८ मार्च, रविवार
गॅलरीचं दार बंद. दोरीवर परवाचेच कपडे. घरी कोणी नसताना जाऊन काय करायचं?

११ मार्च
हे सकाळी आले. चपला न काढता आत येऊन बसले. बाळ गेलं म्हणाले. पोटातच. मुलगी होती. बबडी वाचली.
मी विचारलं, कोणाचं बाळ?
हे उठले, चपला दाराशी काढून आले. मी चहा टाकला. साखर किती घातली आठवत नाही, दोघांनाही पिववला नाही.

१२ मार्च
गच्चीवर गेले. चार्जिंग नव्हतं. तशीच उभी राहिले.

१७ मार्च
लॉन्ड्रीत घड्या चुकल्या. मुकादमीण म्हणाली, बाई, आज लक्ष कुठे आहे? मी म्हटलं, चादरीच वाकड्या आल्यात.

२२ मार्च, रविवार
गेले. ठरवून गेले होते, आधी दोरीवरचे कपडे काढायचे, मग बाकीचं.
दार फरशीवाल्याने उघडलं. या आई म्हणाला. दाढी वाढलेली. घरातली फरशी त्यानेच बसवलीय, सांध्याला सांधा जुळलेला. नाव ठेवायला जागा नाही.
बबडी पडून होती. आलीस, म्हणाली. मी म्हटलं, कपडे काढायला आले, कधीचे वाळताहेत. काढ म्हणाली. काढले, घड्या घातल्या. गॅलरीतून आमची गच्ची बघितली. काडेपेटीएवढी. तिथे माणूस असेल तर दिसणार नाही. आत जाऊन विचारलं, मग तू हात कोणाला करायचीस? ती म्हणाली, उन्हात काच चमकायची. तेवढीच दिसायची. चमकली की मी बाहेर यायचे.
फरशीवाला पाणी घेऊन आला. माझ्या हातात पेला देऊन पुन्हा आत गेला.
मग बबडी म्हणाली, आई, तुझ्याकडे असतील ना फोटो? पोटाचे. आम्ही एकही काढला नाही, मला लाज वाटायची, मी ह्याला काढूच दिला नाही. तेवढीच ती दिसेल.
मी म्हटलं, भरपूर आहेत. आणते.

२३ मार्च
कार्ड दोनदा बघितलं. खंड्या, खंड्या, खंड्या. दुकान उघडायच्या आधीच जाऊन बसले. कॅमेरावाल्याने कार्ड मशीनला लावलं, बराच वेळ खटपट केली. म्हणाला, त्या जागी तुम्ही परत परत नवे काढलेत, जुने नाही येणार. नव्यांपैकी एकात बबडी आहे. खंड्याच्या शेपटीमागे, धुरकट. पोट आहे की हातातले कपडे, कळत नाही. मी म्हटलं, पक्षी पुसून टाक, मागचं स्पष्ट कर.
तो म्हणाला, मागचं आता नाही होत, काकू. पण पक्षी सुरेख आलाय. नंबर नक्की.