सकाळचा अर्धा कप

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं टाळत होतो, हे आधीच कबूल करतो. तीनदा कागद घेतला. एकदा तर त्यावर घरमालकिणीची मांजर काढली. बरी आली आहे, सोबत पाठवतो. तू घाबरशील आणि आप्पांना कळेल, म्हणून लिहीत नव्हतो.

झालं असं की, महिन्यापूर्वी सकाळी कामावर पडलो. मी इथे दुकानांच्या पाट्या रंगवतो. शिडीवर चढायच्या आधीच कोसळलो म्हणून वाचलो. शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावलेली आणि शर्टभर निळा रंग. मालक म्हणाले, फीट आली, उजवा हात थाडथाड उडत होता. सुरुवात त्यांनी पाहिलीच नाही, ते आत रंग कालवत होते.

मेंदूच्या डॉक्टरबाईंनी डोक्याला तारा चिकटवून आलेख काढला. तो स्वच्छ आला. मी खूश झालो, तर म्हणाल्या, आलेख स्वच्छ म्हणून अपस्मार नाही असं होत नाही. तुम्हाला जवळून पाहिलेलं माणूस आणा. असं इथे कोण आहे, ताई? खोलीत मी आणि एक खुर्ची. शेवटी मालकांनी उजव्या हाताचं सांगितलं होतं त्यावरून बाईंनी एका बाजूने सुरू होणाऱ्या फिटचं औषध दिलं. घेतोय, पण सकाळी हातांची सांडासांड वाढलीच आहे. काल ‘भांडार’चा अनुस्वार पार भिंतीवर गेला. मालक शिडीला हात लावू देत नाहीत. नेहमीसारखं पुढच्या गावी निघावं म्हणतो, पण पहिल्यांदाच पाय निघत नाही. रस्त्यात पडलो तर लोक कळवतील कुणाला?

आप्पांना सांगू नकोस. लोभ असू दे, थोडा मांजरीवरही.

तुझा भिरभिऱ्या

२१ फेब्रुवारी

चि. भिरभिऱ्या यास अ. उ. आ.

ती मांजर आहे की उशी, यावर घरात एकमत नाही.

सांगू नकोस म्हणतोस, पण मी सध्या माहेरी आहे, आणि सासरहून पुढे धाडलेलं तुझं पत्र पोस्टमनने आप्पांच्याच हातात दिलं. चष्मा सापडेना म्हणून मला वाचायला लावलं. सगळं वाचलं. तू भांडून गेल्यापासून त्यांनी तुझं नाव काढलेलं नाही. ते मान खाली घालून शिलाई मारत राहिले. ऐकलंच नसेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी चहा गाळताना पाठमोऱ्यानेच विचारलं, त्याचे हात सकाळी अजून उडतात का.

तेव्हा मला आठवलं. तुझा सकाळचा कप आप्पा अर्धाच भरायचे. आम्ही सगळे तुला धांदरट म्हणून हसायचो, ते नाही हसायचे. हे डॉक्टरबाईंना सांगितलंस का? मी आले असते रे, पण माझा सहावा महिना आहे आणि आप्पा तर दुकान कधी बंद ठेवत नाहीत, माझ्या लग्नालाही सकाळी ते उघडून मगच आले होते.

जेवत जा. माया आहेच, ती काय लिहायची.

ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मामा होणार म्हणून आधी नाचलो, मग पुढचं वाचलं.

नव्हतं सांगितलं. धांदरटपणा डॉक्टरांना काय सांगायचा? तुझं पत्र आल्यावर जाऊन सांगितलं, तर ऐकून बाईंनी पेन खाली ठेवलं. उठल्या उठल्या उडतात का, दोन्ही हात का, झोप मोडली की जास्त का. सगळ्याला हो. मग मला जागरण करायला लावून पुन्हा आलेख काढला आणि या वेळी चोर सापडला. फिटांच्या जाती असतात म्हणाल्या. एकीला आवरणारं औषध दुसरीला चेतवतं. माझं औषध वाईट नव्हतं, माझ्या फिटचं नव्हतं. आता नवं हळूहळू चढवायचं, जुनं हळूहळू उतरवायचं, एकदम तोडायचं नाही. शिडी तूर्त बंद. हवं तेवढं भटका म्हणाल्या, पण जागू नका.

आणि या दिवसांत सकाळी कुणीतरी जवळ असू द्या, म्हणाल्या. मी मान हलवली आणि बाहेर येऊन बाकावर बसून राहिलो. घरमालकिणीला विचारावं, तर मला तिच्या मांजरीचं नाव ठाऊक आहे, तिचं नाही.

इथवर काल लिहिलं होतं. आत्ता सकाळी दार वाजलं म्हणून उठलो. ताई, दारात आप्पा. दुकानाची किल्ली गळ्यात, हातात पिशवी. एकुलत्या खुर्चीवर मला बसवलं, स्टोव्ह शोधला, चहा केला. माझा कप न विचारता अर्धाच भरला.

आता समोर जमिनीवर बसून माझ्या हातांकडे बघताहेत. लोभ आहेच.

तुझा भिरभिऱ्या