उशाशी ठेवलेली वाटी

डोंबिवली

बाळकुमच्या माझ्या धाकट्या परशुरामाला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. नातीकडून लिहून घेतेय.

इथे सगळं झकास. सून हौशी आहे. थंडीत संत्र्याच्या साली नि लवंगा उकळते, उन्हाळ्यात लिंबू नि वाळा. घर घमघमतं. बाजारातल्या फवाऱ्यापेक्षा स्वस्त, म्हणते. पाहुणे येणार असले की त्या पाण्याची एक वाटी माझ्या उशाशी ठेवते. मी विचारलं, "अगं, दिवाळीपासून घरात बोंबील शिजला नाही, मग वास कसला?" म्हणाली, "आई, तो भिंतीत मुरलाय." भिंती नव्याने रंगवल्यात रे.

नात लिहायची थांबलीय. म्हटलं, लिही, शिवी नाही दिलेली.

तुझ्या मंजुळेचा गुडघा कसा आहे? माझी खोली भाड्याने दिली नसलीस तर कळव. दिली असलीस, तरी ओटीवर झोपेन.

तुझी बाय,
आवडाबाई